घटिकेला एक ठोका



घरोघर घड्याळें येण्यापूर्वीं आपल्याकडे वेळ मोजीत ती घटिकापात्रानें. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तांब्याची एक हलकी वाटी सोडावयाची. वाटीच्या तळाला बारीक छिद्र. त्यांतून पाणी हळूहळू वर चढे, वाटी भरे आणि एकाएकीं बुडे. ती बुडाली कीं एक घटिका भरली, म्हणजे आजच्या हिशेबानें चोवीस मिनिटें झालीं. मग वाटी उपसून पुन्हां पाण्यावर ठेवावयाची. लग्नाच्या मांडवांत मुहूर्त साधण्यासाठीं जोशीबुवांची नजर या वाटीवर खिळलेली असे. तिच्याकडे टक लावून बसलेल्या पोराला वाटे कीं, ही आतां कधींच बुडणार नाहीं. आणि त्यानें क्षणभर मान वळवावी तों नेमकी त्याच वेळीं ती बुडे.

आकाशांत कांहीं तारे असेच आहेत. कोणी अठरा मिनिटांनीं, कोणी बावीस मिनिटांनीं, कोणी दोन तासांनीं, तर कोणी सहा तासांनीं एकदां बोलतो. बोलणें मिनिटा-दोन मिनिटांचें. पुढें पुन्हां शांतता. हें बोलणें डोळ्यांना दिसत नाहीं. तें रेडिओ-लहरींच्या रूपानें आपल्यापर्यंत पोंचतें. २०२२ सालापासून हे संथ ठोके देणारे तारे ज्योतिर्विदांच्या चर्चेचा मोठा विषय होऊन बसले आहेत, आणि त्याचें कारण केवळ नवलाई हें नव्हे. शास्त्राच्या एका मान्य नियमाप्रमाणें या ताऱ्यांनीं मुळीं बोलावयासच नको होतें. तेव्हां नियमांत उणें आहे, कीं हे तारे आपण समजत होतों त्याहून निराळ्या जातीचे आहेत, असा हा वाद आहे. तो समजण्यासाठीं थोडें मागें जावयास हवें.

आकाशांतून रेडिओ-लहरी येतात हें ज्ञानच शंभर वर्षांच्या आंतलें आहे. १९३२ सालीं अमेरिकेंतील बेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत कार्ल जान्स्की नांवाचा तरुण इंजिनिअर बिनतारी टेलिफोनमध्यें ऐकूं येणाऱ्या खरखरीचें मूळ शोधीत होता. जवळच्या आणि दूरच्या विजांची खरखर त्यानें ओळखून काढली. तरी एक बारीक फुसफुस शिल्लक राहिली, आणि तिची वेळ रोज चार मिनिटें अलीकडे येऊं लागली. सूर्य असा वागत नाहीं. तारे मात्र रोज चार मिनिटें आधीं उगवतात. त्यावरून ही फुसफुस ताऱ्यांच्या प्रदेशांतून, आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येत आहे, हें सिद्ध झालें. घरच्या रेडिओचा कांटा दोन केंद्रांच्या मधल्या जागीं आणला असतां जी खरखर ऐकूं येते, तिचा एक लहानसा अंश याच मुलुखांतून आलेला असतो.

परंतु फुसफुस निराळी आणि ठोका निराळा. नियमित ठोके देणारा पहिला तारा सांपडला तो १९६७ सालीं, इंग्लंडांत. केंब्रिज विद्यापीठाच्या ज्योतिर्विदांनीं साडेचार एकर जमिनीवर खांब रोवून आणि तारा ताणून एक रेडिओ-दुर्बीण उभारली होती. तिच्या नोंदी कागदाच्या लांबच लांब पट्टीवर उमटत. अँटनी ह्यूइश यांच्या हाताखालीं संशोधन करणारी जोसलिन बेल ही विद्यार्थिनी त्या पट्ट्या बारकाईनें वाचीत असे. एके ठिकाणीं तिला एक विस्कळित, बारीकशी खूण आढळली. दुसऱ्या कोणी ती यंत्राची गडबड म्हणून सोडून दिली असती. तिनें सोडली नाहीं. पट्टी अधिक वेगानें फिरवून नोंद घेतली तेव्हां दर १·३४ सेकंदाला एक ठोका, असा अचूक क्रम स्पष्ट झाला. १९६८ च्या फेब्रुवारींत ही वार्ता प्रसिद्ध झाली. या जातीच्या ताऱ्यांना पल्सार असें नांव पडलें. मराठींत त्यांना स्पंदक म्हणतात.

स्पंदक म्हणजे काय, याचा उलगडा वर्षभरांतच झाला. सूर्याहून कित्येक पटींनीं जड असलेला तारा आपलें इंधन संपवून कोसळतो तेव्हां त्याचा गाभा इतका दाबला जातो कीं, सूर्याहून अधिक द्रव्य वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यांत कोंबलें जातें. हा न्यूट्रॉन तारा. फुगडी खेळणाऱ्या मुलींनीं अंग जवळ घेतलें कीं गिरकीचा वेग वाढतो. त्याच न्यायानें आकसलेला हा गोळा गरगर फिरूं लागतो. त्याच्या अंगीं प्रचंड चुंबकशक्ति असते आणि तिच्या दोन ध्रुवांपाशीं रेडिओ-लहरींचे दोन झोत निघतात. दीपगृहाचा झोत फिरतां फिरतां आपल्या तोंडावर येतो आणि क्षणांत पुढें जातो, तसाच हा झोत पृथ्वीवरून जातो. तोच आपल्याला ऐकूं येणारा ठोका. म्हणजे ठोका हा ताऱ्याच्या एका गिरकीचा काळ होय.

आतां तो नियम. रात्रीं सायकलीवरून जाणारा मनुष्य चाकाला टेकलेल्या डायनामोवर दिवा पेटवितो. चाक जोरानें फिरे तोंवर दिवा लख्ख. चढण आली, चाक मंदावलें, कीं दिवा मिणमिणतो आणि शेवटीं विझतो. स्पंदक हाही एक फिरता डायनामोच. त्याची गिरकी जितकी वेगवान, तितका त्याच्या ध्रुवांपाशीं विद्युतदाब मोठा. पुरेसा दाब असला म्हणजे तेथें विद्युत्कणांच्या लोंढ्यामागून लोंढे निर्माण होतात आणि त्यांच्या धांवण्यांतून रेडिओ-लहरी उठतात. लहरींबरोबर शक्ति खर्च होते, गिरकी मंदावत जाते, आणि एका मर्यादेखालीं दाब इतका उतरतो कीं कणांचा लोंढाच आटतो. तारा फिरत राहतो, पण मुका होऊन. या मर्यादेला ज्योतिर्विदांनीं मृत्युरेषा असें नांव दिलें आहे. पुष्कळ वर्षें या रेषेनें चांगलें काम दिलें. जे हजारों स्पंदक सांपडले ते बहुतेक सेकंदाच्या अंशापासून पांच-दहा सेकंदांपर्यंतच्या गिरकीचे होते. २०१८ सालीं साडेतेवीस सेकंदांचा एक, आणि २०२२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील दुर्बिणीनें ७६ सेकंदांचा एक, असे सांपडले तेव्हां ते नियमाच्या वेशीवरचे म्हणून त्यांचें नवल झालें. परंतु वेस सोडून कोसच्या कोस पलीकडे कोणी उभा असेल, असें फारसें कोणाच्या मनांत आलें नव्हतें.

तसें पाहिलें तर सूचना पूर्वींच मिळाली होती. २००२ सालीं अमेरिकेंतील 'व्हेरी लार्ज अ‍ॅरे' या दुर्बिणीनें आकाशगंगेच्या मध्यभागाकडे पाहतांना एका ठिकाणाहून पांच उसळ्या नोंदविल्या. प्रत्येक उसळी सुमारें दहा मिनिटांची, आणि दोहोंमधील अंतर ७७ मिनिटांचें. २००५ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. पुढें त्याच ठिकाणाच्या आणखी दोन उसळ्या सांपडल्या, त्या २००३ आणि २००४ सालच्या नोंदींत. आणि या नोंदी पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें असलेल्या महाकाय मीटरलहरी रेडिओ-दुर्बिणीच्या होत्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून व नेतृत्वाखालीं उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत, आणि मीटरभर लांबीच्या लहरी ऐकण्यांत तिची बरोबरी करणारीं साधनें जगांत थोडीं आहेत. तथापि ही ७७ मिनिटांची उसळी एकटीच राहिली. शास्त्रांत एकट्या साक्षीदाराचें म्हणणें ऐकून घेतात, लिहूनही ठेवतात. पण त्यावर निकाल देत नाहींत.

दुसरा साक्षीदार मिळाला पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड माळावर. मर्चिसन नांवाच्या त्या प्रदेशांत मनुष्यवस्ती विरळ, म्हणून माणसांच्या रेडिओचा गोंगाटही विरळ. तेथें कोळ्यासारखे पाय पसरलेलीं चार हजारांवर लहान एरिअलें जमिनीवर मांडून एक दुर्बीण केली आहे. २०१८ च्या आरंभींचे तिचे वेध साठवून ठेविलेले होते. टायरोन ओडोहर्टी या विद्यार्थ्यानें नवी गणितपद्धति वापरून ते चाळले, तेव्हां दिसतां दिसतां नाहींसा होणारा एक बिंदु त्याला सांपडला. नताशा हर्ली-वॉकर यांच्या नेतृत्वाखालीं त्याचा कसून शोध झाला. त्या वर्षीं जानेवारी ते मार्च या काळांत त्यानें दिलेले ७१ ठोके मोजले गेले. दोन ठोक्यांमधील अंतर १८ मिनिटें ११ सेकंद. म्हणजे पाऊण घटिकेहून किंचित् अधिक. प्रत्येक ठोका अर्ध्या ते एक मिनिटाचा. आणि हें सारें आपल्यापासून सुमारें चार हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे आकाशगंगेच्या मानानें शेजारींच! ठोका चालू असतांना हा बिंदु त्या लहरींत आकाशांतील अतितेजस्वी बिंदूंपैकीं एक होई. मार्चनंतर तो जो गप्प झाला तो झालाच. २०२२ च्या जानेवारींत हा शोध जगापुढें आला.

अठरा मिनिटांना एक गिरकी घेणारा न्यूट्रॉन तारा म्हणजे काय, हें एका हिशेबानें ध्यानांत येईल. फिरत्या वस्तूंतील शक्ति ही तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. एक सेकंदांत फिरणाऱ्या ताऱ्याशीं तुलना केली तर अठरा मिनिटांत फिरणाऱ्या तशाच ताऱ्याच्या अंगीं गिरकीची शक्ति सुमारें बारा लाखांश भरते. एवढ्या क्षीण चाकावर दिवा पेटावयासच नको होता. येथें तर दिवा नव्हे, मशाल पेटलेली! म्हणजे या मशालीचें तेल गिरकींतून येत नसून दुसरीकडून कोठून तरी येत होतें.

मग हर्ली-वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुद्दाम आकाशगंगेच्या पट्ट्यावर पहारा ठेविला. २०२२ सालींच त्यांना दुसरा तारा सांपडला. त्याचा ठोका बावीस मिनिटांचा, घटिकेला अवघीं दोन मिनिटें कमी. पहिला तारा तीन महिने बोलून गप्प झाला होता, म्हणून हाही गप्प होण्यापूर्वीं त्याची मिळेल तितकी माहिती गोळा करण्याची घाई झाली. त्याबरोबरच जुनीं दप्तरें उघडण्यांत आलीं. आकाशाच्या त्या भागाकडे पूर्वीं कोणीं, कोणत्याही कारणानें, दुर्बीण वळविली होती काय? खोडदच्या जुन्या नोंदींत तो सांपडला. 'व्हेरी लार्ज अ‍ॅरे'च्या नोंदींत तर तो थेट १९८८ सालापर्यंत मागें मिळाला. तेहतीस-चौतीस वर्षें हा तारा ठोके देत होता, त्याचा आवाज मोठमोठ्या दुर्बिणींच्या दप्तरांत लिहिला जात होता, आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता! त्यांत कोणाची हयगय नव्हती. सेकंदाच्या अंशांत फिरणारे स्पंदक शोधणारीं गणितें सेकंदाचेच हिशेब करीत. आकाशाचीं चित्रें काढणारे ज्योतिर्विद तासन् तासांचा प्रकाश एकत्र करून एक चित्र बनवीत. त्यांत एका मिनिटाची चमक विरून जाई. फार जलद शोधणारे आणि फार सावकाश पाहणारे यांच्या मधली ही घटिकेची जागा कोणीच पाहिलेली नव्हती.

जुन्या दप्तरांनीं आणखी एक मोलाची गोष्ट दिली. १९८८ चे ठोके आणि २०२२ चे ठोके एकाच मोजपट्टीवर ठेवतां आले. या अवधींत ताऱ्याच्या सुमारें आठ लाख आवृत्त्या झाल्या असतील. तरी त्याच्या काळांत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही फरक पडलेला दिसला नाहीं. गिरकी मंदावत नाहीं, याचा अर्थ गिरकींतून शक्ति खर्ची पडत नाहीं. सायकलीच्या दिव्याचा दृष्टान्त येथें पुरताच अडला.

तर मग हे तारे आहेत तरी कोण? या जागेवर दोन वारसांनीं हक्क सांगितला. पहिला वारस चुंबकतारा. हाही न्यूट्रॉन ताराच, पण त्याची चुंबकशक्ति साध्या स्पंदकाच्या शंभर ते हजार पट. त्याचा संसार गिरकीवर चालत नाहीं. चुंबकशक्तीची सांठवलेली पुंजी मोडून तो खर्च करतो. मधूनमधून त्याच्या कवचांत उलथापालथ होते आणि क्ष-किरणांचा भडका उडतो. कांहीं चुंबकतारे भडक्यानंतर महिनों-महिने, क्वचित् वर्षें, रेडिओ-ठोकेही देतात. पाऊण घटिकेच्या ताऱ्याचें तीन महिन्यांचें बोलणें या वर्णनाला जुळण्यासारखें होतें. पण दोन अडचणी आल्या. एक ही कीं, ओळखीचे चुंबकतारे दोन सेकंदांपासून बारा सेकंदांच्या आसपास फिरतात. त्यांतला एखादा अठरा-बावीस मिनिटांपर्यंत मंदावला तो कसा? दुसरी अधिक कठीण. चुंबकतारा क्ष-किरणांत तळपावयास हवा. आणि अंतराळांतील क्ष-किरण-दुर्बिणी या दोन्ही ताऱ्यांवर रोखल्या तेव्हां तेथें कांहींच दिसलें नाहीं. शिवाय तेहतीस वर्षें सतत बोलणारा चुंबकतारा कोणाच्या ऐकिवांत नव्हता.

दुसरा वारस श्वेत बटु. सूर्यासारखा मध्यम तारा मरतो तेव्हां त्याचा गाभा न्यूट्रॉन ताऱ्याइतका आकसत नाहीं. पृथ्वीएवढा गोळा होऊन निवत पडून राहतो. अशा गोळ्याच्या वजनाला सूर्याच्या १·४ पट ही मर्यादा असते, हें गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं १९३० सालीं मुंबईहून विलायतेस जातांना बोटीवर मांडण्यास आरंभ केला, हें प्रसिद्ध आहे. श्वेत बटूच्या पक्षाला एक गोष्ट मोठी अनुकूल. त्याचा आकार मोठा असल्यामुळें तो म्हणजे लहान भिंगरी नव्हे, जड जातें होय. सारख्याच वेगानें फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या लाखपटीहून अधिक शक्ति त्याच्या गिरकींत सांठलेली असते, आणि मिनिटांच्या किंवा तासांच्या गिरक्या त्याला सहज शोभतात. प्रतिकूल गोष्ट ही कीं, श्वेत बटु हजारोंनीं माहीत आहेत आणि त्यांतले बहुतेक सारे रेडिओ-लहरींत मुके आहेत. वृश्चिक राशींतील एक श्वेत बटु मात्र दोन मिनिटांना एक गिरकी घेऊन आपल्या तांबड्या सोबत्यावर कणांचा मारा करतो आणि त्यामुळें ती जोडी स्पंदकासारखी लुकलुकते, हें २०१६ सालीं उघड झालें होतें. त्यांत महत्त्वाचा शब्द सोबती हा होता.

निर्णायक पुरावा आला तो उत्तर आकाशांतून. नेदरलंड्समध्यें मुख्य ठाणें असलेल्या 'लोफार' या रेडिओ-दुर्बिणीच्या सांठविलेल्या वेधांत आयरिस डी रायटर या संशोधिकेला २०१५ सालचा एक ठोका आढळला. आणखी शोध घेतां सारे मिळून सात ठोके झाले, आणि त्यांचा काळ १२५·५ मिनिटांचा, म्हणजे सव्वापांच घटिकांचा ठरला. हें ठिकाण सप्तर्षींच्या मुलुखांत होतें. आकाशगंगेच्या दाट गर्दीपासून दूर, आणि सोळाशें प्रकाशवर्षांवर म्हणजे पहिल्या ताऱ्याहूनही जवळ. त्यामुळें तेथें प्रकाशाची दुर्बीण रोखून पाहण्याची सोय होती. अमेरिकेंत अ‍ॅरिझोना व टेक्सास येथील मोठ्या दुर्बिणींनीं पाहिलें तों तेथें एक मंद तांबडा बटु तारा दिसला. त्याच्या प्रकाशाचें पृथक्करण केलें, तेव्हां तो एकदां आपल्याकडे येतो, एकदां दूर जातो, आणि या येरझारेला बरोबर दोन तासांच्या वरचे ते पांच-सहा मिनिटांसह तेवढाच वेळ लागतो, असें आढळलें. तो कोणा न दिसणाऱ्या जड सोबत्याभोंवतीं फिरत होता, आणि त्या सोबत्याचें वर्णन श्वेत बटूला जुळत होतें. म्हणजे हा ठोका गिरकीचा नव्हता, प्रदक्षिणेचा होता! दोन तारे एकमेकांना खेटून फिरतात, त्यांचीं चुंबकीय क्षेत्रें एकमेकांत गुंततात, आणि दर फेऱ्याला एकदां त्यांतून निघालेली रेडिओ-लहरींची लाट पृथ्वीच्या दिशेनें येते. मशालीचें तेल गिरकींतून येत नव्हतें, तें दोघांच्या संसारांतून येत होतें. २०२५ च्या मार्चमध्यें हा शोध प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास दक्षिण आकाशांतील आणखी एका ताऱ्यानें तशीच ग्वाही दिली. त्याचा ठोका २·९ तासांचा, प्रहराला सहा मिनिटें कमी. त्याच्या जागींही एक तांबडा बटु दिसला, आणि त्याची प्रदक्षिणाही २·९ तासांचीच भरली. येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल कीं, आतां निकाल लागला. सारे संथ ठोके श्वेत बटूंच्या जोडप्यांचे.

परंतु निसर्ग इतक्या लवकर एका रकान्यांत बसत नाहीं. २०२५ सालच्याच जानेवारींत ऑस्ट्रेलियांतील दुसऱ्या एका रेडिओ-दुर्बिणीनें टिपलेल्या ताऱ्याची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याचा काळ ६·४५ तास. त्याचा एक मोठा ठोका येतो आणि बरोबर अर्धा काळ लोटल्यावर एक लहान ठोका येतो. फिरत्या चुंबकाचे दोन्ही ध्रुव आळीपाळीनें आपल्यासमोर येत असावेत, असें त्यावरून दिसतें. ही खूण स्पंदकांच्या घराण्यांतली. मे महिन्यांत आणखी एक आश्चर्य जाहीर झालें. सुमारें पंधरा हजार प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याचा ठोका ४४ मिनिटांचा आहे. 'चंद्र' ही अंतराळांतील क्ष-किरण-दुर्बीण योगायोगानें आकाशाच्या त्याच भागाकडे पाहत होती. चंद्रशेखरांच्या स्मरणार्थ जिला हें नांव दिलें आहे, त्या दुर्बिणीच्या नोंदींत तेंच ठिकाण तोच ४४ मिनिटांचा काळ धरून क्ष-किरणांत चढउतार करीत होतें. २०२४ च्या फेब्रुवारींत हे क्ष-किरण होते. ऑगस्टमध्यें ते नाहींसे झाले, आणि रेडिओचा जोरही ओसरला. भडकणें आणि निवणें हा स्वभाव चुंबकताऱ्याचा. तरी श्वेत बटूच्या एखाद्या असाधारण जोडप्याकडूनही असें घडूं शकेल, असें म्हणणारे आहेत.

आणि मग वाद पुन्हां त्या बावीस मिनिटांच्या ताऱ्याकडे वळला. त्याचे ठोके नुसते एकामागून एक येत नसून गटागटानें येतात, आणि गटांचा हा क्रम सुमारें पावणेनऊ तासांनीं पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो, असें त्याच्या नोंदी नव्यानें तपासणाऱ्यांना २०२५ सालीं दिसून आलें. त्यांनीं त्याचा अर्थ असा लाविला कीं, बावीस मिनिटें ही श्वेत बटूची गिरकी आणि पावणेनऊ तास ही जोडप्याची प्रदक्षिणा. गिरकीचा झोत सोबत्याच्या वाऱ्याला छेदतो तेव्हांच ठोका उठतो. हें खरें ठरलें तर वृश्चिकांतील दोन मिनिटांचा श्वेत बटु, बावीस मिनिटांचा हा तारा आणि सप्तर्षींतील सव्वापांच घटिकांचा तारा हे एकाच घराण्यांतील तीन पिढ्या मानतां येतील. ज्याच्यामुळें मृत्युरेषा खोटी पडते असें वाटलें होतें, तो तारा त्या रेषेच्या कक्षेंतलाच नव्हता असें ठरेल.

आज या प्रश्नाचें जें चित्र दिसतें तें असें. 'संथ ठोका' हें एका जातीच्या ताऱ्याचें नांव नसून एका लक्षणाचें नांव आहे. ताप हा जसा एक रोग नव्हे, अनेक रोगांचें एक लक्षण आहे, तसाच हा प्रकार. दोन जोडप्यांच्या बाबतींत निदान पक्कें झालें आहे: श्वेत बटु व तांबडा बटु. कांहींच्या बाबतींत चुंबकताऱ्याचा दावा अजून उभा आहे. पहिला, पाऊण घटिकेचा तारा तर २०१८ नंतर बोललेलाच नाहीं. त्याची जबानी अर्धवटच राहिली. जुन्या नियमापुरतें बोलावयाचें तर तो मोडला असें अजून म्हणतां येत नाहीं; तो कोणाला लागू आहे आणि कोणाला नाहीं, हें मात्र आतां प्रत्येक ताऱ्याला विचारूनच ठरवावें लागणार.

या साऱ्या प्रकरणांत एक गोष्ट विशेष लक्षांत राहण्यासारखी आहे. पाऊण घटिकेचा तारा चार वर्षांच्या जुन्या वेधांत सांपडला, सप्तर्षींतला दहा वर्षांच्या, आणि बावीस मिनिटांचा चौतीस वर्षांच्या. १९८८ सालीं ज्यानें दुर्बीण त्या बाजूला वळविली, त्याचा हेतु अगदीं निराळा होता. त्याला हवें तें त्यानें पाहिलें, आणि नको असलेलें पुसून न टाकतां जपून ठेविलें. खोडदच्या माळावरही तेंच झालें. शाळेंतल्या मुलाला गुरुजी सांगतात कीं, उदाहरणाचें उत्तर चुकलें तरी चालेल, पण पाटी पुसूं नको, रीत दिसूं दे. ज्योतिर्विदांनीं पाटी पुसली नाहीं, म्हणून पुढच्या पिढीला तिच्यावरची रीत नव्यानें वाचतां आली.

शेवटीं, ज्या श्रोत्यांना या ताऱ्यांची जागा पाहण्याची हौस असेल त्यांच्यासाठीं. एप्रिल-मे महिन्यांत रात्रीं आठ-नवाच्या सुमारास गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड केलें कीं सप्तर्षि उंच आलेले दिसतात. त्यांतले पुढचे दोन, क्रतु आणि पुलह, यांना जोडणारी रेघ क्रतूच्या बाजूनें वाढविली म्हणजे ध्रुव सांपडतो, हें लहानपणीं घरोघर शिकवितात. या वेळीं तीच रेघ उलट बाजूला, पुलहाच्या पलीकडे, पौर्णिमेचीं दोन चंद्रबिंबें शेजारीं शेजारीं ठेविलीं तर जेवढी जागा लागेल तेवढीच वाढवावी. तेथें डोळ्यांना कांहीं दिसणार नाहीं, काळोखच असेल. पण त्या काळोखांत एक निवालेला तारा आणि एक मिणमिणता तांबडा तारा एकमेकांभोंवतीं फिरत आहेत, आणि त्यांचा एक फेरा पुरा होईपर्यंत खालीं पृथ्वीवरचें घटिकापात्र पांच वेळां बुडून सहाव्यांदा भरूं लागलेलें असेल.